पावणेदहाचा कंगवा

१

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या त्या इमारतीत रविवारी सकाळी पाण्याचा टँकर आला की तिसऱ्या मजल्यावरचा श्रीरंग सगळ्यांच्या आधी बादल्या घेऊन खाली उतरायचा. शेजारपाजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायच्या. त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं की त्यातल्या तीन बादल्या घरात नव्हे, श्रीरंगच्या डोक्यावर जायच्या. बोअरिंगच्या मचूळ पाण्याने त्याचे केस काथ्यासारखे व्हायचे, आणि काथ्या विंचरता येत नाही.

केस म्हणजे साधेसुधे नव्हेत. कमरेपर्यंत लांब, मुठीत मावणार नाहीत इतके दाट, आणि राठ. जरा वारा लागला की पिंजारून चहूबाजूंनी उभे राहायचे. रिक्षाच्या रांगेत मागून कुणीतरी "वहिनी, जरा सरकता का?" म्हणायचं, मग श्रीरंग मिशीसकट मागे वळायचा आणि विचारणारा माणूस पुढची रिक्षा सोडून द्यायचा. बायको उन्नती हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगायची.

लहानपणी त्याचे वडील दर पंधरा दिवसांनी त्याला न्हाव्यापुढे बसवून डोक्यावर मशीन फिरवून घ्यायचे. तरी चार दिवसांत ते केस उभे राहायचे, आणि वर्गातली पोरं येताजाता डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "तारेची घासणी!" कॉलेजात गेल्यावर त्याने एकदाचं ठरवलं की आता कापायचे नाहीत. वाढले तसे ते आपल्याच वजनाने खाली बसले. आरशात पहिल्यांदा त्याला स्वतःचं तोंड बरं वाटलं. त्या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली होती.

मुलींना केसांची निगा आई शिकवते. मुलाला कोण शिकवणार? श्रीरंग चुकतमाकत स्वतःच शिकला. शनिवारी कोमट खोबरेल, रविवारी रिठा-शिकेकाईचं गाळलेलं पाणी, मग उकळलेल्या जवसाचा चिकट रस, आणि टॉवेलऐवजी जुना मऊ बनियन. विंचरायचं ते केस ओले असताना, रुंद दातांच्या लाकडी कंगव्याने, आणि टोकाकडून. आधी खालची वीतभर सोडवायची, मग तिच्या वरची, असं करत मुळापर्यंत जायचं. मुळापासून खाली ओढलं की गुंता खाली जाऊन घट्ट बसतो आणि केस मुळासकट हातात येतात. एवढी एक गोष्ट जगातल्या निम्म्या लोकांना कळत नाही, असं त्याचं मत होतं, आणि ते तो कुणालाही ऐकवायचा.

कंगव्यात दर रविवारी मूठभर गुंतवळ यायचं. त्याचं काय करायचं हे मात्र तो कधीच शिकला नव्हता. तो ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दाबून ठेवायचा. दीड वर्षात डबा भरला, आणि २००१ च्या दिवाळीनंतर जिन्यात आरोळी आली, "केसांवर भांडीऽऽ, केसांवर फुगेऽऽ!"

बोहारणीने डब्यातलं गुंतवळ बाहेर काढून तळहातावर जोखलं. केस ओढून पाहिला, उजेडात धरला.

"लई जाड हाय," ती म्हणाली. "कुनाचं? वैनीचं?"

श्रीरंगला उगीच लाज वाटली. आत उन्नती सरळ, पातळ केसांचा अंबाडा घालून पोहे करत होती. "हो, बायकोचेच," तो म्हणून गेला.

त्याबदल्यात फोडणीची एक स्टीलची पळी मिळाली. चांगली जड होती. उन्नतीने ती त्याच दिवशी वापरायला काढली.

२

श्रीरंग वसईतच एका आर्किटेक्टच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. स्कूटरवरून साडेनवाला पोचायचं, चहा घ्यायचा, ड्रॉइंग बोर्डावर ओणवं व्हायचं. जानेवारीतल्या एका मंगळवारी तो एका बंगल्याचा जिना काढत होता, तेव्हा कुणीतरी त्याच्या डोक्यातून कंगवा फिरवला.

कपाळापासून मागे, सरळ, मुळातून खाली. तो दचकून वळला. मागे भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याने डोक्याला हात लावला. सकाळी घातलेला अंबाडा जसाच्या तसा होता, पिनसुद्धा हलली नव्हती. पंख्याचा वारा असेल, असं म्हणून त्याने पुन्हा पेन्सिल उचलली. मग कंगवा दुसऱ्यांदा फिरला.

या वेळी आवाजही आला. कोरड्या केसांतून कंगव्याचे दात ओढले जातात तेव्हा होणारी करकर त्याच्या कानांच्या आतून आली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. त्याने मोजलं, बारा वेळा. नंतर डाव्या बाजूला घट्ट ओढ बसली आणि मानेशी तीन पेडांची वेणी पडू लागली. अंबाडा डोक्यावर होता आणि वेणी पाठीवर पडत होती. त्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. मानेची शीर, झोप कमी, चष्म्याचा नंबर, अशी सगळी कारणं श्रीरंगने स्वतःपुढे मांडून पाहिली. माणूस हिशेबी होता. भिंत नऊ इंचाची की साडेचार इंचाची हे तो पाहूनच सांगायचा. पण शीर काही घड्याळ बघून दुखत नाही, आणि तिला वास तर येत नाहीच. कंगवा फिरायचा तेव्हा त्याला जळत्या मेणबत्तीचा वास यायचा. कचेरीत मेणबत्ती नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे, जे कुणी विंचरत होतं त्याला विंचरता येत नव्हतं! कोरडे केस, तेलाचा थेंब नाही, बारीक दातांचा कंगवा, आणि मुळापासून खाली खस्सकन ओढ. भीती वाटत असतानाही श्रीरंगला त्याचा राग यायचा. एकदा तर तो ड्रॉइंग बोर्डावर हात आपटून ओरडला, "अरे, खालून!" साहेबांनी काचेच्या केबिनमधून मान वर करून पाहिलं.

त्या संध्याकाळी अंबाडा सोडला तेव्हा आत सुटलेल्या केसांचा गोळा निघाला. आठवड्याचं गुंतवळ एका दिवसात आलं होतं.

३

फेब्रुवारीत डाव्या कानाच्या वर रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली. उन्नतीने ती पाहिली आणि तिचं हसणं बंद झालं.

डॉक्टर म्हणाले, "चाई आहे. टेन्शन घेता का?" त्यांनी मलम दिलं. पंधरा दिवसांनी रुपयाच्या जागी वाटीचं तोंड मावेल एवढी चाई झाली, आणि उजवीकडे दुसरी सुरू झाली. आता डॉक्टर म्हणाले, "सगळे केस उतरवा. त्याशिवाय औषध मुळांना लागायचं नाही. पुढच्या सोमवारी संध्याकाळी उतरवूनच या."

श्रीरंग घरी येऊन पलंगावर बसला. बाई असती तर रडली असती, असं लोक म्हणतात. तो पुरुष होता आणि रडला. "मला पुन्हा ती घासणी नाही व्हायचं गं," तो म्हणाला. उन्नतीने त्याचं डोकं छातीशी धरलं. तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा पावणेदहाची गोष्ट सांगितली.

तिने वेड्यात काढलं नाही. "उद्या रजा टाक. बघू दोघं मिळून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेनवाला बेडरूममधल्या आरशापुढे स्टूल मांडून तो केस मोकळे सोडून बसला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. खाली कुणीतरी गालिचा झोडपत होतं. उन्नती मागे उभी राहिली आणि तिने उजवा तळहात त्याच्या डोक्यावर सपाट ठेवला.

पावणेदहा वाजले. आरशात एकही केस हलला नाही. श्रीरंगच्या डोळ्यांत मात्र खाडकन पाणी आलं, आणि त्याच क्षणी उन्नतीने चटका बसल्यासारखा हात काढून घेतला.

"काय झालं?"

"काही नाही."

"उन्नती, काय झालं?"

ती आपला तळहात उलटसुलट करून बघत होती. "माझ्या हाताखालून काहीतरी गेलं," ती म्हणाली. "दात होते त्याला. ओळीने."

खाली गालिचा झोडपणं चालूच होतं. श्रीरंगच्या खांद्यावर, कुणी हात न लावता, केसांची एक अख्खी बट येऊन पडली.

४

तळमजल्यावर नर्मदामावशी राहायच्या. मूळच्या निर्मळच्या, घरची फुलांची वाडी. मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून आल्या, पण जीव वाडीतच. रोज दुपारी गाडी ठेवायच्या जागेत सतरंजी टाकून गजरे करत बसायच्या. त्या दुपारी श्रीरंग स्कार्फ बांधून जाताना दिसला तेव्हा त्यांनी हाक मारली.

"काय रे, डोकं बांधून हिंडतोस? सर्दी झाली?"

त्याने चाईचं सांगितलं, बाकीचं गाळलं. मावशींनी स्कार्फ वर करून पाहिलं. दोन्ही चाया बोटाने चाचपल्या. मग त्या सहज म्हणाल्या, "गुंतवळ कुठे टाकतोस?"

"टाकत नाही. डब्यात ठेवायचो. बोहारणीला दिलं मागे."

"थुंकून दिलंस ना?"

"म्हणजे?"

मावशींचा हात गजऱ्यावर थांबला. "अरे बाबा, गुंतवळ टाकताना तीनदा थुंकायचं त्याच्यावर. थू थू थू करायचं आणि मग द्यायचं. आमच्यात पोरीला वेणी घालता येण्याआधी हे शिकवतात. तुला कुणी सांगितलं नाही?"

"मुलाला कोण सांगतं मावशी?"

"तेही खरंच," त्या म्हणाल्या. त्यांनी एक फूल ओवलं, दुसरं ओवलं. "न थुंकता दिलेलं ते दिलेलं होत नाही. तुझंच राहतं. आणि कुणाचं म्हणून दिलंस?"

श्रीरंगने स्कार्फ पुन्हा खाली ओढला. "बायकोचं म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

"बघ आता," एवढंच मावशी म्हणाल्या. श्रीरंगने खोदून विचारलं, न थुंकल्यावर नक्की काय होतं म्हणून. त्यांनी मान हलवली. "मला काय माहीत? मी कधी न थुंकता टाकलंच नाही. जाऊन परत घेऊन ये."

५

बोहारीण शनिवारी शेजारच्या इमारतीत सापडली. श्रीरंगने पळी पुढे केली तेव्हा ती आधी घाबरली, मग चिडली. "गळकी हाय का? डाग पडला का?"

"पळी चांगली आहे. केस कुठे गेले ते सांगा."

"दादा, केस काय घरात ठिवतो का आमी? किलोवर जात्यात." ती टोपली उचलायला लागली. मग तिने श्रीरंगच्या स्कार्फातून लोंबणाऱ्या केसांकडे पाहिलं. "तुमचंच व्हतं व्हय ते," ती हळू आवाजात म्हणाली.

"माझंच होतं."

"ते किलोवर नाय गेलं. वटारला एक म्हातारा भेटला. सगळी गाठोडी सोडायला लावली, एकेक बघितलं. तुमचं हातात घेऊन बसला तो उठंचना. म्हनला, असंच पायजे. वसईतल्या एका बाईकडनं गंगावन करून घेतलं त्यानं, लांबसडक." तिने वाट सांगितली. तळ्यावरून पुढे, क्रूस लागला की डावीकडे, केळीच्या वाडीतलं कौलारू घर. म्हाताऱ्याचं नाव सिप्रियन.

गंगावन! श्रीरंगला आपल्या आत्याचं गंगावन आठवलं. वेणीत जोडायचा तो केसांचा झुपका खुंटीला टांगलेला असायचा, काळा, एकटा. लहानपणी तो त्या खोलीत जायला घाबरायचा.

पळी घेऊन तो घरी आला. डॉक्टरांचा सोमवार दोन दिवसांवर आला होता.

६

रविवारी टँकर आला तेव्हा श्रीरंग खाली उतरला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याने केस न धुता, न विंचरता स्कूटर काढली. पळी डिकीत टाकली. व्यवहार उलटवायचा तर घेतलेली वस्तू परत द्यायला हवी, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. काय बोलायचं तेही त्याने घोकून ठेवलं होतं. केस माझे आहेत, चुकून दिले, परत द्या.

निर्मळ मागे पडलं. सायकलींवर फुलांच्या करंड्या बांधून माणसं उलट दिशेने चालली होती. वटारात शिरल्यावर दोन्ही बाजूंना केळी आणि मधून निरुंद रस्ता, सावलीचा आणि गार. क्रुसापाशी तो डावीकडे वळला. केळीच्या वाडीतलं ते घर दिसलं तेव्हा त्याने घड्याळ पाहिलं. नऊ चव्वेचाळीस झाले होते.

त्याने स्कूटर बंद केली. ओटीवर चढला. दार उघडंच होतं. आत हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि कंगवा आला.

इतक्या जोरात तो आजवर कधी आला नव्हता. श्रीरंगने दाराची चौकट धरली. डोळ्यांतलं पाणी पुसून त्याने आत पाहिलं. खोलीच्या टोकाला खिडकी होती. खिडकीकडे तोंड करून उंच पाठीची वेताची खुर्ची ठेवलेली होती, आणि तिच्या पाठीवरून केस खाली लोंबत होते. दाट, राठ, पिंजारलेले. ते कुणाचे हे त्याला सांगायची गरज नव्हती. मागे पांढऱ्या सदऱ्यातला एक वाकलेला म्हातारा उभा होता. त्याचं कोपर वर गेलं, खाली आलं. श्रीरंगच्या डोक्यातून करकर गेली. कोपर पुन्हा वर गेलं.

"बाबा, थांबा!" तो ओरडला. "मुळापासून नका ओढू!"

कोपर हवेत थांबलं. ओढही थांबली.

म्हातारा वळला. त्याने श्रीरंगकडे पाहिलं, हातातल्या केसांकडे पाहिलं, पुन्हा श्रीरंगकडे पाहिलं. भिंतीवरच्या ऑल्टरवर, येशूच्या तसबिरीपुढे, मेणबत्ती जळत होती. त्याच्या मागे झावळ्यांच्या रविवारचा सुकलेला क्रूस खोवलेला होता.

"तुझे हायत काय?" सिप्रियनने विचारलं.

"होते."

"परत न्यायला आला तू." म्हातारा म्हणाला. त्याने कंगवा खाली ठेवला नाही. "व्हेरोनिकाचे, माझ्या बायकोचे, असेच होते, बाबा. अख्ख्या गावात असे केस कुणाचे नव्हते. आजारात गेले सगळे. रोज उशीवर बघायची नि रडायची. मी म्हटलं, आणतो तुला. तसेच आणतो. बोललो होतो मी तिला."

खुर्चीतून काहीच आवाज आला नाही. कुणी हललं नाही, खाकरलंही नाही.

"चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून येतो, चहा घेतो, मग विंचरतो तिला," सिप्रियन म्हणाला. "चाळीस वर्षं तिचे तिने विंचरले. मला कोण शिकवणार? पयले जरा धक्का लागला तर केवढी ओरडायची. आता बोलतच नाय. रोज विचारतो, दुखतंय काय गो? सांगत नाय मला." त्याने कंगव्याच्या दातांवरून अंगठा फिरवला. "दुखत असलं तर?"

श्रीरंग घोकलेलं सगळं विसरला. मुलाला कोण सांगतं, मला कोण शिकवणार. ह्या माणसाला तो सकाळ-संध्याकाळ शिव्या घालत आला होता.

"घरात खोबरेल आहे का?" त्याने विचारलं.

तेल होतं. ते कोमट करायला लहान भांडं सापडेना, तेव्हा श्रीरंग डिकीतून पळी घेऊन आला. चुलीवर पळी धरून त्याने सिप्रियनला दाखवलं, एवढंच, बोट बुडवून सोसेल इतकंच. खिशातला आपला रुंद दातांचा कंगवा काढला. मग तो खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला. खुर्चीची पाठ त्याच्या छातीपर्यंत येत होती आणि केस तिच्यावरून पलीकडून येत होते. वाकून पलीकडे बघायचं नाही, एवढं त्याने आपल्या डोळ्यांना बजावलं.

"हे बघा. टोकाकडून. खालची वीत हातात धरायची, म्हणजे वर ओढ जात नाही."

त्याने कंगवा लावला, आणि स्वतःच्या मानेशी, केसांच्या टोकांत, त्याला तो लागला. हलका. तेलाचा कोमटपणा टाळूवर पसरला. चौदा वर्षं तो स्वतःचे केस स्वतः विंचरत आला होता. कुणीतरी मागे उभं राहून आपले केस असे सावकाश सोडवतंय, हे त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. डोळे मिटावेसे वाटले. खालची वीत सुटली, वरची सुटली. दोन महिन्यांची गाठ न् गाठ सुटली, आणि डोक्यात महिनोन्‌महिने साचलेला ठणका हळूहळू उतरून गेला.

"आता तुम्ही करा."

सिप्रियनने दोन्ही हातांनी कंगवा धरला. आधी चाचरत, मग बरं जमलं. शेवटी श्रीरंगने त्याला तीन पेडांची सैल वेणी घालून दाखवली आणि ती खुर्चीच्या पाठीवर सोडून दिली.

"दुखलं काय तिला?" म्हाताऱ्याने कुजबुजत विचारलं.

"नाही," श्रीरंग म्हणाला. "जरासुद्धा नाही दुखलं."

"तुला कसं ठाऊक?"

"मला ठाऊक आहे, बाबा. शप्पथ सांगतो. छान वाटलं."

सिप्रियन दारापाशी गेला आणि त्याने चेहरा सदऱ्याच्या बाहीत खुपसला. म्हातारा हुंदके देऊन रडत होता, आणि हसतही होता. श्रीरंग तेलकट हात पुसायला फडकं शोधण्यासाठी वळला. फडकं दारालगतच्या कोनाड्यात होतं. हात पुसून त्याने पुन्हा पाहिलं तेव्हा वेणी खुर्चीच्या पाठीवर नव्हती.

वेणी झाली की बायका ती खांद्यावरून पुढे घेतात, टोक चाचपून बघतात. तशी ती कुणीतरी पुढे घेतली होती. सिप्रियन त्याच्याशेजारी, दारापाशी उभा होता. आणि आता केसांनी झाकलेली नसल्यामुळे वेताच्या जाळीतून आरपार दिसत होतं. खिडकीचे गज दिसत होते, गजांपलीकडच्या केळी, दोरीवर वाळत घातलेली लुंगी. मध्ये काहीच येत नव्हतं.

खुर्ची मात्र करकरली. आरामात मागे रेलून बसलं की वेत करकरतो तशी.

पुढे जाऊन बघायला चार पावलं पुरली असती. ती श्रीरंगने टाकली नाहीत, आणि त्याचा त्याला कधी पस्तावाही झाला नाही. "येतो, बाबा," एवढंच तो म्हणाला. पळी चुलीशीच राहिली. ती तिथेच लागणार होती.

७

सोमवारी कचेरीत पावणेदहाला पाच मिनिटं असताना त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि ड्रॉइंग बोर्डाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. घड्याळाचा काटा सरकला. काही नाही. मग मानेच्या खाली, अगदी टोकांशी, काहीतरी लागलं. थांबलं. पुन्हा लागलं, वीतभर वरून. खालून वर येत होतं. चाचरत, चुकत, पण खालून.

साहेब केबिनमधून म्हणाले, "श्रीरंग, बरं वाटत नाही का? डोळे का पुसतोस?"

"उलट आजच बरं वाटतंय," तो म्हणाला. संध्याकाळी तो डॉक्टरांकडे गेला नाही.

गणपतीपर्यंत दोन्ही चायांवर बोटभर केस आले होते, राठ आणि उभे. उन्नतीने त्यांना घासणी म्हटलं आणि श्रीरंग हसला. त्याच सुमाराला एका रविवारी नर्मदामावशी गजरा द्यायला वर आल्या. श्रीरंग न्हाऊन, बनियन गुंडाळून खिडकीत बसला होता. हातात आठवड्याचं गुंतवळ होतं.

"थूक त्याच्यावर," मावशी दारातूनच म्हणाल्या. "तीनदा. आता तरी शहाणा हो."

श्रीरंगने गुंतवळ तोंडापाशी नेलं. जरा वेळ तसंच धरलं. मग त्याने ते बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. "राहू दे मावशी," तो म्हणाला. "गंगावन वर्षा-दोन वर्षांत विरतं. वटारला पुन्हा लागेल."

मावशींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि गजरा टेबलावर ठेवला. भिंतीवरचं घड्याळ पावणेदहाला आलं, तशी श्रीरंगने मान अलगद मागे टाकली आणि डोळे मिटले.

उन्नती स्वयंपाकघरातून फोडणी टाकता टाकता ओरडली, "आलं का?"

"आलं."

"दुखतंय?"

"नाही गं," श्रीरंग म्हणाला. "शिकला म्हातारा."